मोबाइलवर चालतं, मग टीव्हीवर का नाही?

प्रश्न : मोबाइलवर ॲप सुरळीत चालतं, पण त्याच पासवर्डने टीव्हीवर लॉगिन होत नाही. टीव्ही बदलावा लागेल का?

उत्तर : इतक्यात नको. पासवर्ड मोबाइलवर चालतोय, म्हणजे तो बरोबर आहे. दोष बहुधा टीव्हीकडेच आहे.

आधी सेटिंग्जमधली तारीख आणि वेळ पाहावी. लॉगिनच्या वेळी टीव्ही सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्र तपासतो आणि त्याला ठरावीक मुदत असते. टीव्हीचं घड्याळ २०१५ वर अडकलं असेल, तर आजचं खरं प्रमाणपत्रही त्याला अवैध वाटतं. ‘ऑटोमॅटिक’ वेळ चालू केली की अनेकदा तेवढ्यावरच भागतं.

जुन्या टीव्हीचं दुखणं वेगळं. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेची प्रमाणपत्रं ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्राच्या आधारावर चालत, त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपली आणि अपडेट न मिळालेली अनेक उपकरणं अडली. म्हणून सॉफ्टवेअर अपडेट करावं. तेच येत नसेल, तर स्ट्रीमिंग स्टिक नव्या टीव्हीपेक्षा खूप स्वस्त पडते.

एवढ्यानेही जमलं नाही, तर मोबाइलवरून खात्यातली जुनी उपकरणं काढावीत. उपकरणांची मर्यादा भरली की काही ॲप नवं लॉगिन नाकारतात. मदतीसाठी ॲपमधलाच संपर्क वापरावा आणि ओटीपी कुणालाही सांगू नये.