शेणखतांतील अळी

कोंकणांत जुना खतखड्डा उकरतांना कमानीसारखी वाकलेली, पांढरट, तपकिरी डोक्याची, ६ पायांची जाड अळी सापडते. उसाचीं मुळें खाणारी हुमणी हिच्याच कुळांतील. परंतु कुजक्या शेणखतांत वाढलेली, अंगठ्याएवढी अळी बहुधा गेंड्या भुंग्याची असते.

ती पाळावयाची असल्यास रुंद तोंडाच्या बरणींत तेंच खत वीतभर भरावें, तें ओलसर राखावें, झाकणास छिद्रें पाडावीं व बरणी सावलींत ठेवावी. अळीला वारंवार हाताळूं नये. दोनदां कात टाकून कांहीं महिन्यांनीं ती कोशांत जाते. तेव्हां तर बरणी मुळींच हलवूं नये.

भुंगा बाहेर येतांच मात्र मोह आवरावा. तो माडाचा न उमललेला कोंब पोखरतो. आपल्या कौतुकापायीं शेजाऱ्याचा कोंवळा माड मरूं नये, म्हणून त्यास कधींहि मोकळा सोडूं नये. निरीक्षण पुरें होतांच नष्ट करावा.