उसाचा मित्र, धिंगरीचा वैरी

घरी मशरूम करायचं म्हटलं की लोक आधी जागेची चौकशी करतात. खोली केवढी, कूलर लागतो का, ऊन चालतं का. स्वच्छतेचं विचारलं तर ‘फरशी रोज पुसतो की’ म्हणतात. पण धिंगरी मशरूमची पिशवी फरशीमुळे बिघडत नाही. ती बिघडते काडामुळे, पाण्यामुळे, बियाण्यामुळे आणि भरणाऱ्याच्या हातांमुळे. पिशवीला गाठ मारायच्या आधीच बहुतेक निकाल लागलेला असतो.

आमचं घर करवीर तालुक्यातलं, ऊसवाल्यांचं. परड्यातल्या खोलीत पूर्वी खतं, औषधं आणि फवारणीचा पंप असायचा. ती खोली झाडून, चुना मारून मी धिंगरीला घेतली. सामान शेजारच्या पत्र्याच्या आडोशाला गेलं आणि त्यातच ट्रायकोडर्माची पाकिटं होती. उसाच्या पट्ट्यात हे नाव कुणाला नवं नाही. शेणखतात मिसळून सरीत टाकायचं, मुळांची कूज आटोक्यात ठेवायची. पाचट न जाळता कुजवायचं तर युरिया आणि सुपर फॉस्फेटबरोबर जे संवर्धक टाकतात, त्यातही अनेकदा हीच बुरशी असते. कृषी खात्याची माणसं तिला मित्र बुरशी म्हणतात, ते खरंच आहे. ही बुरशी दुसऱ्या बुरशीच्या धाग्यांना वेढे घालते, त्यांची भिंत विरघळवते आणि त्यांच्यावर जगते. म्हणून तर उसाचं मूळ वाचतं. पण धिंगरीही बुरशीच, हे त्या मित्राला कोण सांगणार?

पिशव्या टांगल्यावर आठवड्याभरात एका बाजूला पांढरं पसरलं. एवढ्या लवकर धरलं म्हणून मी शेजारणींना बोलावून दाखवलं. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, चष्मा पुसून जवळून बघत म्हणाल्या, “हे पांढरं निराळं दिसतंय गं. दाण्यापासनं कुठं निघालंय?” त्यांचं बरोबर होतं. धिंगरीचा धागा स्पॉनच्या, म्हणजे बियाण्याच्या, दाण्याभोवती आधी कापसासारखा फुलतो, तिथून काडावर चढतो आणि हळूहळू शेजारच्या दाण्याच्या धाग्याला मिळतो. इथे दाणे तसेच कोरडे होते आणि पांढरं दोन दाण्यांच्या मधल्या ओल्या काडावर सपाट पसरलं होतं. दोन-तीन दिवसांत मधोमध पोपटी झाक आली, मग गर्द हिरवा रंग. “बुरा लागला की गं!” ट्रायकोडर्मा सुरुवातीला पांढराच असतो. हिरवा रंग येतो तो बीजाणू पिकल्यावर, आणि तोवर तो पसरायला मोकळा झालेला असतो.

दोष त्या पाकिटांचाच, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. धिंगरीचं जास्त नुकसान करणाऱ्या ट्रायकोडर्माच्या जाती वेगळ्या आहेत. त्यातल्या दोघींना शास्त्रज्ञांनी धिंगरीच्याच नावावरून प्ल्युरोटम आणि प्ल्युरोटिकोला अशी नावं दिली आहेत. शिवाय हे बीजाणू मातीत, काडात, हवेत सगळीकडे असतात. तरीही पाकीट फोडलेला हात, शेणखतात वावरलेले कपडे आणि पिशव्या भरायचं काम एका दिवशी एकत्र आणायचं नाही, हा नियम आमच्या घरी आता पक्का आहे. रानातून आलेल्या माणसाने आंघोळ करून, धुतलेले कपडे घालूनच त्या खोलीत जायचं. मालक असला तरी.

आता काडाचं. गगनबावडा, राधानगरी, आजऱ्याकडे भाताचं पिंजर चांगलं मिळतं. गव्हाचं काड आणि सोयाबीनचं भुसकटही चालतं. बघायचं एकच, की ते त्याच हंगामातलं, पिवळंधमक आणि एकदाही न भिजलेलं असावं. 2019 आणि 2021 च्या पुरानंतर भिजलेल्या गंजी वाळवून स्वस्तात द्यायला लोक तयार होते. असलं काड फुकट मिळालं तरी घेऊ नका. वरून वाळलेलं दिसतं, पण मूठभर नाकाशी धरलं की कुबट वास येतो.

काड निर्जंतुक करायची जी पद्धत प्रशिक्षणात बहुतेक ठिकाणी शिकवतात, ती अशी: 100 लिटर पाण्यात 125 मिलिलिटर फॉर्मालिन आणि 7.5 ग्रॅम कार्बेन्डाझिम घालायचं, त्यात काड 16 ते 18 तास बुडवून झाकून ठेवायचं. ही पद्धत काम करते, याबद्दल वाद नाही. पण फॉर्मालिनमध्ये असतं ते फॉर्मल्डिहाइड, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. ज्या मोरीत पोरांच्या आंघोळी होतात तिथे ते पिंप ठेवायला माझा साफ विरोध आहे. व्यवसाय करणाऱ्याने मोकळ्या जागेत, हातमोजे-मास्क घालून काय ते ठरवावं. घरासाठी गरम पाणीच बरं.

गरम पाण्यात लोक फसतात ते असे. बंबातलं उकळतं पाणी पिंपातल्या काडावर ओततात आणि झाकण लावतात. गार काड सगळी उष्णता ओढून घेतं आणि पिंपाच्या मधोमध ती 80 अंशांपर्यंत पोचतच नाही. म्हणून पाच-सहा सेंटिमीटर कापलेलं काड आधी काही तास साध्या पाण्यात भिजवायचं, गोणपाटात भरून पातेल्यात दगडाखाली दाबायचं आणि पातेलं चुलीवरच ठेवायचं. थर्मामीटर मधल्या काडात खुपसायचा. 80 अंश दिसल्यावर तिथून एक तास मोजायचा.

काही हुशार लोक म्हणतात, मग कुकरच लावू, 121 अंशांना सगळंच मरेल. सगळं मरतं हाच तर त्रास आहे. 80 अंशांना उपद्रवी बुरशी जाते, पण उष्णता सोसणारे काही जिवाणू काडात टिकतात आणि जागा अडवून बसतात. कुकरमधलं काड मात्र रिकामं रान असतं, ते उघड्या खोलीत काढलं की जो पहिला येईल त्याचं. प्रयोगशाळेसारखी गाळलेल्या हवेची पेटी नसेल तर धिंगरीच्या काडाला कुकर नको. स्पॉन तयार करायचा तर गोष्ट वेगळी, तिथे कुकरशिवाय चालत नाही.

काड बाहेर काढल्यावर निथळण्याची आणि निवण्याची वेळ सगळ्यात नाजूक. आम्ही पूर्वी अंगणात ताडपत्रीवर पसरायचो, पंखाही लावायचो. आता बंद खोलीत, गरम पाण्याने धुतलेल्या जाळीवर निथळतं. मुठीत दाबल्यावर तळवा ओला व्हावा, थेंब टपकू नये. कोल्हापुरात ओल जास्त राहण्याचीच चूक अधिक होते. पिशवीच्या तळाशी पाणी साचलं की काड आंबतं, आंबूस वास सुटतो आणि त्यावर माश्या येतात. बारीक काळ्या माश्या हिरव्या बुरशीचे बीजाणू एका पिशवीतून दुसरीत नेतात, म्हणून दारा-खिडक्यांना बारीक जाळी हवीच.

ओल्या काडाच्या वजनाच्या दोन टक्के स्पॉन, म्हणजे 5 किलोच्या पिशवीला 100 ग्रॅम. इथे काटकसर करू नये, कारण दाणे लांब पडले की मधली जागा बुरशीला मोकळी मिळते. स्पॉनच्या पुडीत काळा-हिरवा दाणा, तळाशी पाणी किंवा आंबट वास असेल तर ती परत करा. मे महिन्यात एसटीच्या टपावरून आलेला स्पॉनही घेऊ नका, उन्हाने त्याचा जोर गेलेला असतो. पीक भारी यावं म्हणून काडात कोंडा किंवा बेसन घालायचा सल्ला नवख्याने ऐकू नये. धिंगरीआधी बुरशीच जेवते.

राधानगरीच्या रानात पहिल्या पावसानंतर वारुळावर येणारी अळंबी आठवा. ती वाळव्यांनी पोसलेली असते. कामकरी वाळव्या अळंबीच्या बागेतली परकी बुरशी सतत वेचून काढतात. वाळवी वारूळ सोडून गेली की तिथे दुसरीच बुरशी माजते. आपल्याला तेवढं जमणार नाही, पण रोज एकदा पिशव्या बघायला काय हरकत आहे? प्रत्येक पिशवीवर भरल्याची तारीख लिहा. पिवळसर पाणी दिसलं म्हणून घाबरू नका, धिंगरी स्वतःही तसं सोडते. हिरवं, काळं, नारिंगी दिसलं तर मात्र दया नको. पिशवी खोलीत फोडू नका, डाग कापून काढायला बसू नका. ओल्या फडक्याने झाकून दुसऱ्या पिशवीत घाला, गाठ मारा, घरापासून लांब खड्ड्यात पुरा आणि हात धुतल्याशिवाय बाकीच्या पिशव्यांना लावू नका. अशा पिशवीवर दुसऱ्या बाजूने आलेली धिंगरी आम्ही खात नाही.

सुरुवात नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. पावसाळ्यात हवेतली ओल फुकट मिळते खरी, पण बुरशी आणि माश्यांनाही ती तेवढीच मिळते. पहिल्या वेळी चार-पाच पिशव्यांच्या वर जाऊ नका. अडलं तर कणेरी आणि तळसंदे इथली कृषी विज्ञान केंद्रं जवळ आहेत, आणि पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबी संशोधनाचा प्रकल्प आहे. बिघडलेल्या पिशवीचा फोटो घेऊन जा, नुसतं सांगून कळत नाही.

आणि पिशवी चांगली निघाली तरी एक ध्यानात ठेवा. धिंगरीच्या कडा वर वळायच्या आत काढणी करा. नंतर ती स्वतःच ढिगाने बीजाणू सोडते आणि ते श्वासात गेले की खोकला, छाती भरणं असे त्रास होतात. घरात दम्याचं माणूस असेल तर राहत्या खोल्यांत पिशव्या टांगूच नका.