कच्ची वजडी थेट कुत्र्यापुढे टाकू नका

‘कच्च्यावरच कुत्रा तिखट राहतो, शिजवलेलं घातलं की मऊ पडतो.’ माझ्या दवाखान्यात हे वाक्य सतत ऐकू येतं. वस्तीवर राखणीला कारवानी कुत्रा बाळगणारा शेतकरी ते म्हणतो आणि धाराशिव शहरात लॅब्रॅडॉरचं पिल्लू घेतलेला कॉलेजातला मुलगाही म्हणतो. एकानं ते आजोबांच्या तोंडून ऐकलेलं असतं, दुसऱ्यानं मोबाइलवर. दोघांना माझं उत्तर एकच असतं. कुत्र्याचा तिखटपणा त्याच्या जातीत असतो आणि लहानपणी तुम्ही त्याला कसं वागवलं यात असतो. मांस चुलीवर चढलं की नाही, याच्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

मोबाइलवाले पुढे म्हणतात, ‘डॉक्टर, कुत्रा म्हणजे शेवटी लांडगाच ना?’ नाही. लांडग्यापासून कुत्रा वेगळा झाला तो माणसाच्या उंबरठ्यावर आणि माणसाचं अन्न खात. २०१३ मध्ये स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यात दोनच असतात, कुत्र्यात मात्र त्या कितीतरी जास्त आढळतात. म्हणजे ज्वारीची भाकरी पचवायची तयारी त्याच्या रक्तातच आहे. भाकरीवर वाढलेला गावठी कुत्रा रात्रभर शिवार राखतो, हे तुम्ही रोज बघता. मग एखाद्या व्हिडिओवर एवढा विश्वास कशाला?

परदेशात कच्च्या आहाराचं वेड वाढलं ते इयान बिलिंगहर्स्ट या ऑस्ट्रेलियन पशुवैद्याच्या १९९३ च्या पुस्तकानंतर. तिथली मंडळी बहुधा तपासणी होऊन आलेलं, गोठवलेलं मांस वापरतात. तरीही अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेनं २०१२ मध्येच अशा आहाराविरुद्ध भूमिका घेतली, कारण कच्च्या मांसातले साल्मोनेलासारखे जंतू कुत्र्याबरोबर घरातल्या लेकरांनाही आजारी पाडतात. आपल्याकडे ‘स्वस्तातलं कच्चं’ म्हणजे काय? मटणाच्या दुकानात गिऱ्हाइकानं नाकारलेलं फुप्फुस, गाठी असलेलं काळीज, न धुतलेली वजडी. आखाडात आणि कंदुरीच्या दिवसांत तर हे फुकटच मिळतं. आपला जिल्हा उस्मानाबादी शेळीचा. बोकडाच्या मटणाला इथे तोटा नाही, त्यामुळे टाकाऊ अवयवांनाही नाही. माझी खरी भीती इथेच आहे.

शेळी-मेंढीच्या काळजात किंवा फुप्फुसात कधीकधी पाण्यानं भरलेल्या पांढुरक्या गाठी दिसतात. कसाई त्या भागासकट कापून बाजूला टाकतो आणि खाली वाट बघणारा कुत्रा तो तुकडा उचलतो. ती गाठ म्हणजे हायडॅटिड, एका फीतकृमीची अळी-अवस्था. कुत्र्याच्या आतड्यात त्यातून जेमतेम काही मिलिमीटरचे असंख्य जंत तयार होतात आणि साधारण सहा-सात आठवड्यांत त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडू लागतात. ही अंडी डोळ्यांना दिसत नाहीत. ती गवतावर पडतात, बांधावरच्या कोथिंबिरीवर पडतात, कुत्र्याच्या केसांना चिकटतात. शेळीनं खाल्ली तर शेळीला गाठ होते, माणसाच्या पोटात गेली तर माणसाला.

मागे तुळजापूर तालुक्यातले एक शेतकरी आपला कुत्रा घेऊन आले. कुत्रा ठणठणीत होता, तक्रार काहीच नव्हती. त्यांच्या वडिलांच्या यकृतात मोठी गाठ निघाली होती, ऑपरेशन झालं होतं आणि सर्जननी ‘घरी कुत्रा आहे का?’ असं विचारून माझ्याकडे धाडलं होतं. ते परत परत एकच सांगत होते, ‘डॉक्टर, आमचे आबा माळकरी आहेत. जन्मात मटणाला शिवले नाहीत. त्यांना हा आजार कसा होईल?’ वाचकहो, हा गैरसमज मला फार ठिकाणी भेटतो. हा आजार माणसाला मटण खाऊन होत नाही. कुत्र्याच्या विष्ठेतली अंडी हाताला लागून, न धुतलेल्या पालेभाजीतून किंवा पाण्यातून पोटात गेल्यानं होतो. आबा मटण खात नव्हते, पण त्यांच्या पायाशी झोपणारा कुत्रा प्रत्येक कंदुरीला कच्चे अवयव खात होता. आबा आता बरे आहेत. मात्र ती गाठ त्यांच्या पोटात वर्षानुवर्षं मुकाट्यानं वाढत होती.

आणि त्या कुत्र्यात बाहेरून काहीही दिसत नव्हतं. ‘आमच्या कुत्र्याला जंत नाहीत, विष्ठेत दिसले असते’ असं म्हणणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं वळवळणारं जे दिसतं तो पिसवांमुळे होणारा वेगळा जंत. हायडॅटिडवाला कुत्रा खातो-पितो, धावतो, त्याचे केसही चमकतात.

घाबरून कुत्रा हाकलून देऊ नका. यावर औषध आहे, ते महाग नाही आणि वजनाप्रमाणे गोळी दिली की काम होतं. औषधाचं नाव प्राझिक्वांटेल. जो कुत्रा कच्चे अवयव खातो किंवा गावभर फिरतो त्याला ते दर सहा आठवड्यांनी द्यावं लागतं, कारण तेवढ्या अवधीत नवा जंत अंडी घालण्याच्या बेतात येतो. औषधानं जंत मरतात, अंडी मरत नाहीत. म्हणून गोळी दिल्यावर दोन-तीन दिवस विष्ठा गोळा करून जाळा किंवा खोल पुरा. घरातल्या मुलाचं जंताचं सिरप कुत्र्याला पाजणं, गुरांसाठीचं आयव्हरमेक्टिन ‘थोडंसं’ टोचणं, लसणाच्या पाकळ्या चारणं हे सगळं ताबडतोब थांबवा. आयव्हरमेक्टिनचा फीतकृमीवर काही परिणाम होत नाही, उलट चुकीच्या मात्रेनं कुत्रा थरथरत कोसळतो. लसूण-कांद्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. गावात औषधाची पिशवी घेऊन फिरणारा कोणी काहीही सांगो, कुत्रा तुमचा आहे.

‘मग कच्चे अवयव व्हिनेगरमध्ये बुडवून देऊ का? हळद लावून? फ्रीजमध्ये ठेवून?’ नको. घरच्या फ्रीजरमध्ये, त्यातही वीज जात-येत असताना, गाठीतला जीव मरेल याचा भरवसा नाही आणि साल्मोनेला तर थंडीत मरतच नाही. अवयवांचे तुकडे करा, पातेल्यात पाणी घाला आणि उकळी फुटल्यावर किमान अर्धा तास खळखळून उकळू द्या. बस. स्वस्त आहारात जळण तेवढं वाढतं. कच्च्या आहारानं केस चमकतात म्हणतात, ते प्रथिनं आणि चरबीमुळे. ती शिजवल्यावरही पातेल्यातच असतात, फक्त तो रस्सा फेकू नका.

आता परवडणारं जेवण. वीसेक किलोच्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला साधारण पाव किलो शिजवलेलं चिकन किंवा कोंबडीचा पेठा पुरतो. कलेजी मात्र आठवड्यातून दोनदाच आणि थोडीच घाला, कारण तिच्यातलं अ जीवनसत्त्व अति झालं तर हाडांना बाधतं. त्यात ज्वारीच्या दोन भाकरी कुस्करा, एक उकडलेलं अंडं, मूठ-दोन मूठ शिजवलेला लाल भोपळा आणि चमचाभर तेल घाला. शिजवलेली हाडं काढून टाका. ती सुईसारखी फुटतात आणि आतडं फाडतात. दिवसात दोन वेळा विभागून द्या. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, डोळ्यांना ठळक दिसता कामा नयेत. त्या अंदाजानं भाकरी कमी-जास्त करा.

आणि अंड्याचं टरफल टाकू नका. धुऊन, उकळून, वाळवून मिक्सरमधून त्याची वस्त्रगाळ पूड करा आणि या एवढ्या जेवणात छोटा अर्धा चमचा मिसळा. मांसात कॅल्शियम जवळजवळ नसतंच आणि फॉस्फरस भरपूर असतो. हाडाविना निव्वळ मांसावर वाढवलेल्या पिल्लांचं शरीर स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम ओढतं. पाय वाकलेली, उडी मारताना हाड मोडलेली लॅब्रॅडॉर-जर्मन शेफर्डची पिल्लं माझ्याकडे येतात आणि मालक अभिमानानं सांगतो, ‘डॉक्टर, रोज अर्धा किलो चिकन घालतो, काही कमी करत नाही.’ पैसे खर्चून पिल्लू पांगळं करू नका. पिल्लाचा आहार मोठ्या कुत्र्याच्या अंदाजानं ठरवू नका, वजन करून आपल्या डॉक्टरकडून लिहून घ्या. गाई-म्हशींचं मिनरल मिक्श्चर कॅल्शियमच्या या कमतरतेवर उपाय नाही. कायम घरचंच जेवण घालणार असाल तर मोठ्या कुत्र्यालाही जस्त, आयोडीन वगैरेंसाठी कुत्र्याचीच पूरक पावडर लागते.

एक सवय मात्र मोडा. घरचं उरलेलं येसर, मटणाचा कांदा-लसणाचा रस्सा भाकरीवर ओतून कुत्र्यापुढे ठेवणं. ते उष्टं वाया जाऊ नये ही भावना मला समजते, पण कांदा शिजवला तरी त्याचं विष जात नाही. द्राक्षबागा असलेल्यांनी हेही ऐकावं की द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात.

कुत्रा वारंवार ओकतोय, पोट टम्म फुगलंय, शी करताना कण्हतोय पण होत नाही, विष्ठेत रक्त आहे, लघवी कडक चहासारखी गडद झालीय, हिरड्या पांढऱ्या पडल्यात, पिल्लू अचानक लंगडतंय, तर उद्याची वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. घरातल्या माणसाच्या उजव्या बरगडीखाली जडपणा, हाताला लागणारी गाठ किंवा न थांबणारा खोकला असेल आणि दारात कुत्रा असेल, तर डॉक्टरांना कुत्र्याबद्दल आवर्जून सांगा. सोनोग्राफीत किंवा एक्स-रेत अशा गाठी बहुधा सापडतात. तज्ज्ञाशिवाय कोणालाही त्या गाठीत सुई घालू देऊ नका. ती फुटली तर जिवावर बेतू शकतं.

न्यूझीलंडमध्ये मेंढपाळांच्या कुटुंबांत हा आजार आढळत होता. तिथल्या लोकांनी कुत्र्यांना कच्चे अवयव घालणं बंद केलं, नियमानं औषध दिलं आणि २००२ मध्ये देश तात्पुरत्या स्वरूपात हायडॅटिडमुक्त असल्याचं जाहीर झालं. त्यासाठी काही नवा शोध लागला नव्हता.

मटणाच्या दुकानदारांना आणि गावोगावच्या कंदुरी करणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. बोकड कापायच्या आधी एक खोल खड्डा खणा. गाठीचं काळीज, फुप्फुस त्यात टाका, वर चुना आणि माती दाबा, म्हणजे कुत्रं उकरणार नाही. बाकीचं जे कुत्र्याला घालायचं ते पातेल्यात घाला आणि अर्धा तास उकळा.