नहपानाच्या गालावरचा डोंगर

कर्जतच्या दहिवलीत राहून जुन्या चांदीच्या नाण्यांचा नाद करता करता जे कळलं, ते असं.

१. अथेन्सच्या घुबडापासून सुरुवात करू नका. १७ ग्रॅमचं ते नाणं देखणं खरंच, पण आपल्या बाजूला ग्रीक चांदी आली ती मिनँडर आणि अपोलोडोटस या हिंद-ग्रीक राजांच्या जेमतेम अडीच ग्रॅमच्या द्रम्मांमधून. ही जुनी नाणी भडोचच्या बाजारात चालतात, असं पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात लिहिलंय. आमची उल्हास नदी ज्या कल्याणकडे जाते, तिथे चुकून आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेत, हेही त्यातच. घाट चढून कार्ल्याला गेलात, तर चैत्याच्या खांबांवर दान देणाऱ्या यवनांचे (तेव्हा ग्रीकांना यवन म्हणत) लेख आहेत.

२. आधी वजन, मग चेहरा. क्षत्रप नहपानाचं चांदीचं नाणं सुमारे दोन ग्रॅमचं, म्हणजे त्याच द्रम्मांच्या घराण्यातलं. दर्शनी बाजूला राजाचं मस्तक आणि भोवती ग्रीक अक्षरं. पण त्या अक्षरांत लिहिलेलं प्राकृत. मागे बाण आणि वज्र, ब्राह्मी आणि खरोष्ठी लेख. पुढच्या क्षत्रपांच्या नाण्यांवर तर ग्रीक अक्षरांची नुसती नक्षी उरली.

३. घाव म्हणजे खोट, असं समजू नका. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला नहपानाच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. १३,२५०च्या आसपास नाणी, आणि त्यातल्या ९,२७०हून अधिक नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाने आपला ठसा मारलेला. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह. हरलेल्या राजाची चांदी वितळवून नवी नाणी पाडायची तर भट्टी हवी, वेळ हवा. इथे एक घाव घातला की काम झालं, आणि राज्य कोणाचं हे बाजारात हातोहात पोचलं. काही नाण्यांवर तो डोंगर थेट नहपानाच्या गालावर बसलाय, नाक तेवढं शिल्लक. मला ही नाणी सिराक्यूज या ग्रीक शहराच्या सुबक नाण्यांपेक्षा जास्त आवडतात. नाशिकच्या तिसऱ्या लेण्यात याच गौतमीपुत्राचा लेख आहे. पूर्वी नहपानाच्या जावयाकडे, उषवदाताकडे असलेलं शेत त्याने भिक्षूंना दिलं. जमिनीचंही नाण्यांसारखंच केलं म्हणायचं.

४. चिंच, राख, टूथपेस्ट काहीही लावू नका. काळवंडलेली चांदी तशीच राहू द्या.

५. प्रतवारीच्या आकड्याला भुलू नका. एनजीसीसारख्या संस्था प्राचीन नाण्याची झीज वेगळी ठरवतात, आणि ठसा व पृष्ठभाग यांना पाचपैकी गुण देतात. पद्धत चांगली आहे. पण दोन राजांचे ठसे अंगावर असलेल्या नाण्यात मी आधी बघतो ते एकच: दोन्ही ठसे वाचता येतात का? खालचा राजा पुसला गेला, तर निम्मी गोष्ट गेली. बनावट ओळखायला कडा पाहा. ओतीव नाण्याच्या कडेला साच्याची रेघ आणि अंगावर बुडबुड्यांची बारीक भोकं सापडतात.

६. विकत घेण्याआधी पाहून घ्या. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. कर्जतहून दोन्ही अवघड नाहीत.

७. आमच्याकडे हल्ली फार्महाऊससाठी जागोजाग पाया खणला जातोय. त्यात चार काळी नाणी निघाली, तर कृपा करून सोनाराकडे नेऊ नका. १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावा लागतो.