फुकटातली नांगरणी

कामोठे,
७ डिसेंबर २०२५

चि. ओंकार,

बुधवारी रात्री तू घरच्या ग्रुपवर चुकून टाकलेलं आणि लगेच काढून घेतलेलं चित्र मी पाहिलं. इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात पडलेलं शिकाऊ विमान, वर चॅनेलची लाल पट्टी आणि खाली ‘शेतकऱ्याची नांगरणी फुकटात’. तुझ्या मित्रांच्या ग्रुपसाठी होतं, हे कळलं. पण तू काढेपर्यंत ताईनंही, म्हणजे तुझ्या आईनंही, ते पाहिलं होतं. तिचा मला फोन आला. विनोदाबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. “ओंकार बसतो ते विमान एवढंसंच असतं का रे?” एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. सेसना १५२ मध्ये दोन माणसं खांद्याला खांदा घासून बसतात, हे तिला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

रागावलो म्हणून लिहीत नाही. उभा जन्म हँगरमध्ये काढलेला माणूस कुणाला सोवळं शिकवणार? तिथे आम्हीही हसायचो, आणि आमचे विनोद तुमच्यापेक्षा वाईट असत. ज्या यंत्रात उद्या सकाळी आपल्याला बसायचं आहे किंवा ज्याच्या कागदावर आपल्याला सही ठोकायची आहे, ते यंत्र शेतात मोडून पडलेलं दिसलं की पोटात गोळा येतो. तो गिळायला माणूस हसतो. डॉक्टर हसतात, अग्निशमनवाले हसतात. यात पाप नाही.

पण तुमचा विनोद नीट बघ. त्यात दोन माणसांना टोमणा आहे. एक, विमान पाडणारा शिकाऊ. दुसरा, ‘ब्रेकिंग’ म्हणून ओरडणारा वार्ताहर. वार्ताहराला आपण हसतो ते कशासाठी? तासाभरात कारण सांगून मोकळा होतो म्हणून. आणि तुमच्या ग्रुपवर काय चालतं? ‘वळताना स्पीड गेला असणार’, ‘पेट्रोल बघितलं नसणार’, ‘नर्व्हस झाली असणार’. तेही दहा मिनिटांत. चॅनेलवाल्याला निदान विमानातलं काही कळत नाही, ही सबब आहे.

२५ जुलै २०२२ ला कडबनवाडीत पडलेल्या विमानात एक शिकाऊ मुलगी एकटी होती. बारामतीहून उडाली होती. जखमी झाली, वाचली. तुझ्यासारखीच शिकणारी, कुणाची तरी लेक. ‘मी असतो तर असं झालं नसतं’ हे त्या नांगरणीच्या विनोदाच्या पोटात दडलेलं वाक्य आहे. ते एकदा मनात बसलं की तिचं नेमकं काय झालं असेल हे शोधायची गरजच उरत नाही. तुझं नुकसान तिथे आहे.

आता एक आमच्याकडचा किस्सा. कुठला आणि कधीचा ते विचारू नकोस. आमच्या देखभालीतलं एक छोटं विमान उतरताना धावपट्टीच्या बाहेर जाऊन आडवं झालं. माणसं वाचली. तासाभरात आमच्या कपाटांना सील लागलं. लॉगबुकं गेली, टँकरमधल्या पेट्रोलचे नमुने बाटल्यांत भरून गेले. त्या दिवशी विमान सोडल्याची सही माझी होती. संध्याकाळी मेसमध्ये कुणीतरी पुडी सोडली की इंजिनियरनं पाना आतच विसरला असेल, तोच अडकला. सगळे हसले, मीसुद्धा हसलो असेन. पुढच्या आठवड्यात तपासणारे आले. त्यांनी एका शिकाऊ मुलाला सहज विचारलं, “काही ऐकलंस का?” तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, “हो सर, टूल आत राहिलं होतं म्हणे.” त्यानं खोटं सांगितलं नव्हतं, त्यानं खरंच ऐकलं होतं. मग आमच्या भिंतीवरच्या टूल बोर्डवर प्रत्येक पान्याच्या रंगवलेल्या आकृतीपुढे उभं राहून एकेक हत्यार मोजून दाखवावं लागलं. सगळी जागेवर होती. तोवर तपासाचा अख्खा दिवस गेला, आणि माझी झोप किती गेली ते तुझ्या मामीला विचार.

मोठ्या विमानात ब्लॅक बॉक्स असतो, तो विनोद ऐकत नाही. तुमच्या शिकाऊ विमानात तो नसतो. तिथे तपास चालतो मोडक्या लोखंडावर आणि माणसांच्या आठवणींवर. प्रोपेलरची पाती कशी वाकली हे बघतात. इंजिन ताकद देत असताना जमीन लागली तर पाती पिळवटतात, बंद इंजिनावर लागली तर बहुधा नुसती मागे वळतात. टीव्हीवर त्याच पात्यांचा फोटो ‘पंखा तुटला’ म्हणून फिरतो, ते सोड. उरल्या आठवणी: शेतातल्या बाईनं काय आवाज ऐकला, बरोबरच्या मुलांनी सकाळी काय पाहिलं. एखादी गोष्ट वीसदा हसत सांगितली की पाहिलेलं कुठलं आणि सांगितलेलं कुठलं, हे सांगणाऱ्यालाही कळेनासं होतं.

वार्ताहरांच्या चुका मला कमी सलत नाहीत. २८ जून २०१८ ला जुहूहून उडालेलं किंग एअर सी-९० घाटकोपरच्या जागृतीनगरात पडलं, तेव्हा मी दिवसभर टीव्हीपुढे होतो. भर पावसातलं चाचणी उड्डाण. विमानातले चौघे आणि रस्त्यानं जाणारा एक, असे पाच गेले. बांधकामावरचे मजूर जेवायला गेले होते म्हणून आकडा तिथेच थांबला. संध्याकाळपर्यंत ठरून गेलं होतं की पायलटनं मुद्दाम वस्ती टाळून विमान रिकाम्या जागी नेलं. पुढे अहवालात आलं ते वेगळं: खराब हवेत विमानाच्या स्थितीचं भान सुटलं आणि पंखांची उचल जाऊन ते स्टॉल झालं. कौतुक झालं तेही तपासाआधी, आणि यंदा अहमदाबादच्या विमान अपघाताच्या वेळी दोष दिला गेला तोही तपासाआधी. १२ जूनला २६० माणसं गेली. १२ जुलैला प्राथमिक अहवाल आला आणि दोन वाक्यांचा कॉकपिटमधला संवाद उचलून लोकांनी निकाल लावला. त्या विमानाचे कॅप्टन सभरवाल यांच्या वृद्ध वडिलांना कोर्टाची पायरी चढावी लागली. हे ओझं मनावर घेऊ नका, हे त्यांना ऐकायला मिळालं ते नोव्हेंबरमध्ये, सुप्रीम कोर्टात. त्या विमानात आपल्या पनवेल तालुक्यातली, खाडीपलीकडच्या न्हाव्याची एक मुलगी केबिन क्रूमध्ये होती. तिच्या घरच्यांनीही ते सगळे निकाल ऐकले असतील.

तरीही वार्ताहरांना सरसकट हसू नकोस. इंदापूरचा वार्ताहर मोटारसायकलवर येतो, काल त्यानं उसाच्या दराची बातमी दिलेली असते, आणि मुंबईहून फोन असतो की दहा मिनिटांत लाइव्ह दे. फ्लाइंग स्कूलचं फाटक बंद. विमान वाहतूक नियामक डीजीसीएचा फोन लागत नाही. तो समोर दिसेल ते बोलतो. त्याला चार वाक्यं नीट सांगणारा माणूस आपल्याकडून कधी गेलाय? १६ जुलै २०२१ ला शिरपूरच्या प्रशिक्षण संस्थेचं विमान चोपडा तालुक्यात वर्डीजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी पडलं. प्रशिक्षक गेले, शिकणारी मुलगी जबर जखमी झाली. गाडी पोचायची सोय नव्हती. एका आदिवासी बाईनं अंगावरचं लुगडं सोडून दिलं, त्याची झोळी करून गावकऱ्यांनी त्या मुलीला खाली आणलं. हे आपल्याला कुणा पायलटनं सांगितलं नाही, स्थानिक बातमीदारांनी सांगितलं. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीजवळ चार दिवसांत एकाच संस्थेची दोन विमानं पडली, ते गावोगाव कळलं तेही बातम्यांतूनच. त्यानंतर डीजीसीएनं सहा महिन्यांत पाच अपघात झाल्याचं कारण देऊन त्या संस्थेचं प्रशिक्षण थांबवलं. तेव्हाही तुमच्या सीनियरांनी चित्रं फिरवली असणार. चार दिवसांत दोन म्हणजे काय, हा प्रश्न त्यातल्या किती जणांनी आपल्या प्रशिक्षकाला विचारला?

हसायचं तर हस, पण आधी एक काम कर. पुढच्या वेळी असं चित्र आलं की पुढे पाठवायच्या आधी वहीत तीन ओळी लिही: इथे काय काय झालेलं असू शकतं, त्यातलं मला काय माहीत नाही, आणि उद्या सकाळी मी काय वेगळं तपासणार. तिसरी ओळ लिहिता आली नाही तर प्रशिक्षकाकडे जा. मग चित्राचं काय करायचं ते तुझं तू ठरव.

सकाळचं इंधन तपासणं तर कुणावर सोपवू नकोस. पंखाखालच्या निचऱ्याला ती प्लास्टिकची पेली लावलीस की ॲव्हगॅस निळसर उतरतं. उजेडाकडे धर. पाणी असेल तर तळाशी वेगळा, बिनरंगी थेंब बसतो, पेली हलवली की तो मोत्यासारखा घरंगळतो. पण सगळाच नमुना बिनरंगी दिसला तर जास्त घाबर. पेलीत नुसतं पाणीच आलेलं असू शकतं आणि तळाला वेगळं काही दिसतच नाही. म्हणून रंग बघायचा, वास घ्यायचा, बोटावर घेऊन उडतं का बघायचं. घाईत असलेला मुलगा पेली न बघताच रिकामी करतो. मी पाहिलेत असे.

ताईला फोन कर. चित्राची माफी वगैरे मागत बसू नकोस, तिला अवघडल्यासारखं होईल. इंजिन बंद पडलं तरी तुझं विमान दगडासारखं पडत नाही, तरंगत खाली येतं आणि शेत निवडायला वेळ मिळतो, हे तिला समजावून सांग. नकाशा काढून सांग. तुम्ही रोज त्याचाच सराव करता, हे तिला ठाऊक नाही.

इथे आमच्याकडे २५ तारखेपासून नवी मुंबईच्या नव्या विमानतळावरून विमानं सुटणार म्हणून सोसायटीत रोज चर्चा आहे. आवाज किती येणार यावर पैजा लागल्यात. नाताळात येणार असशील तर मानसरोवरला उतर, हायवेनं येऊ नकोस, कळंबोलीला अडकशील. घाटकोपरचा अहवाल मी छापून ठेवलाय, जाताना घेऊन जा. इंग्रजी रूक्ष आहे, पण हवामानाचा भाग दोनदा वाच.

तुझा,
मामा