दोन फरश्यांचा सांधा

घरातील सर्व खोल्यांची जमीन एकाच प्रकारची असते असे नाही. स्वयंपाकघरात शहाबादी फरशी आणि बैठकीच्या खोलीत टाइल्स, अशी रचना अनेक घरांत आढळते. या दोहोंचा सांधा मिटलेल्या दाराच्या बरोबर खाली यावा. म्हणजे दार लावल्यावर एका खोलीतून दुसरीची फरशी दिसत नाही.

टाइल साधारणतः ८ ते १० मिलिमीटर जाड असते. दगडी फरशी त्याहून बरीच जाड असते. म्हणून टाइलखाली सिमेंट-वाळूच्या मालाचा थर वाढवून दोन्ही पृष्ठभाग एका पातळीत आणतात. थोडा जरी उंचवटा राहिला, तरी वृद्धांना ठेच लागून पडण्याचा धोका असतो. तो टाळता येत नसेल, तर तेथे उतरती पट्टी बसवावी.

लाकडी जमीन पावसाळ्यातील दमट हवेने फुगते. म्हणून सांध्यात थोडी फट ठेवून ती धातूच्या पट्टीने झाकतात. न्हाणीघराची जमीन मात्र मुद्दाम खाली ठेवतात व दारात दगडी उंबरा बसवतात. त्यामुळे पाणी बाहेर येत नाही.

हे सारे काम सुरू होण्यापूर्वीच ठरवावे. एकदा बसलेल्या फरशीची पातळी बदलायची, तर ती उखडावीच लागते.