गडचिरोली जिल्हा : पाणी मागे फिरते तेव्हा



“ब्लँकेटे नाताळात पाठवतोच, मग तुम्ही मे महिन्यात का मागता?” असे गेल्या वर्षी एका मंडळीतील बांधवांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर गडचिरोलीच्या नकाशात आहे, म्हणून या अंकात नकाशा समोर ठेवूनच बसू या.

हा जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. बारा तालुके, 14,412 चौरस किलोमीटर क्षेत्र, त्यातले बहुतेक जंगल. 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या 10,72,942. गोंड व माडिया बांधवांची वस्ती मोठी; दक्षिणेला सिरोंचाच्या बाजारात मात्र तेलुगूच अधिक ऐकू येते.

आता नद्यांवर बोट फिरवा. पश्चिम सीमेवरून वैनगंगा खाली येते. चपराळ्याजवळ तिला वर्धा मिळते आणि पुढे तिचे नाव प्राणहिता होते. वर्धेत पैनगंगा आधीच आलेली असते. म्हणजे बुलढाण्याच्या डोंगरात पडलेला पाऊसही अखेर सिरोंचाजवळून वाहतो. तेथे प्राणहिता गोदावरीला मिळते. नाशिककडून निघालेली गोदावरी नांदेडमार्गे तेलंगणात जाते, ती येथे पुन्हा महाराष्ट्राच्या सीमेला लागते. आणखी खाली, सोमनूरजवळ, ओडिशात उगम पावून बस्तरमधून आलेली इंद्रावती तिला येऊन मिळते.

एवढ्या नद्या एकाच कोपऱ्यात आल्या की काय होते? मोठी नदी भरली की लहान नदीला वाट मिळत नाही. तिचे पाणी थोपते, फुगते, उलटे मागे चढते. भामरागडला पर्लकोटा आणि पामुलगौतम या नद्या इंद्रावतीला मिळतात. इंद्रावती दुथडी असली की पर्लकोटेचे पाणी पुलावर आणि पुढे बाजारपेठेत शिरते. कधी गावात पाऊसच नसतो, ऊन पडलेले असते, तरी पूल पाण्याखाली! नवख्या माणसाला हे पटत नाही. मलाही पटले नव्हते. एका जुलैत औषधांची खोकी घेऊन आम्ही अलीकडच्या काठावर दोन दिवस बसून होतो. पलीकडे माणसे दिसत होती, हाका मारत होती.

हाच भूगोल इतिहासातही दिसतो. 1858 साली बाबुराव शेडमाके यांनी इंग्रजांविरुद्ध लढा दिला तो याच अहेरी भागात, नदी व जंगल यांच्या आधाराने. त्यांना 21 ऑक्टोबर 1858 रोजी चंद्रपूरला फाशी झाली. पुढे इंग्रजांनी सिरोंचाला अप्पर गोदावरी जिल्ह्याचे मुख्य ठाणे केले. विदर्भाचा कापूस नावांनी थेट समुद्राकडे न्यावा, असा सर आर्थर कॉटन यांचा बेत होता. पात्रातील खडक आडवे आले, खर्च वाढला आणि 1871 मध्ये काम थांबले. 1874 मध्ये तो जिल्हाही मोडला. नदीला वाटेवर आणण्याचा प्रयत्न अजून चालूच आहे. 2019 मध्ये सिरोंचासमोर गोदावरीवर तेलंगणाचा 85 दारांचा मेडिगड्डा बंधारा सुरू झाला. पाणी तिकडच्या शेतीला आणि फुगवटा इकडच्या, अशी सिरोंचाच्या शेतकऱ्यांची तक्रार आहे. मला ती खरी वाटते. काठची बुडालेली शेते मी पाहिली आहेत.

दुर्गम गावांचे चार महिन्यांचे रेशन सरकार पावसाळ्यापूर्वीच पोहोचवते. दिवस भरत आलेल्या गरोदर बाईने आधीच नदी ओलांडून आरोग्य केंद्राच्या माहेरघरात येऊन राहावे, असा आग्रह असतो. पण घरी लहान मुले, धानाची रोवणी तोंडावर. ती कशी येणार? जी मागे राहते तिला मग खाटेची कावड करून माणसे खांद्यावरून काठापर्यंत आणतात. काठापर्यंतच. पुढे डोंग्याची वाट पाहायची.

म्हणून आमचे वर्ष जूनपासून मागे मोजले जाते. ब्लँकेटे, ताडपत्र्या, मच्छरदाण्या, बाळंतिणीचे कपडे हे सारे 15 मेपर्यंत आमच्याकडे आले, तर पाऊस लागण्याआधी पर्लकोटेपलीकडे जाते. नाताळात आलेले सामानही वाया जात नाही; ते आम्ही कोरड्या खोलीत मेपर्यंत जपून ठेवतो. फक्त खोक्यावर आत काय आहे ते मोठ्या अक्षरांत लिहावे.